जुळलेल्या हाडाची अपुरी नोंद

हाड मोडले, प्लास्टर झाले, हाड जुळले, दुखणे थांबले, की घरात तो विषय संपतो. अपघातात मोडलेल्या तरुण हाडाबाबत हे बऱ्याच अंशी ठीकही आहे. पण साठी ओलांडलेल्या बाईचे मनगट घरातल्या घरात पाय घसरून मोडले, किंवा पाण्याची बादली उचलताना तिचा मणका चेपला, तर त्या हाडाने तिच्या शरीराविषयी फार महत्त्वाची गोष्ट सांगितलेली असते. हाडे ठिसूळ झाली आहेत आणि आणखी एखादे हाड मोडण्याचा धोका वाढला आहे. ही गोष्ट पुढच्या डॉक्टरांपर्यंत, विमा कंपनीपर्यंत आणि संशोधकांपर्यंत पोहोचण्याची आजची मोठी वाट म्हणजे निदानाचे कोड. अमेरिकेत तर रुग्णाची प्रत्येक भेट कोडमध्ये उतरते. त्यातले बरेचसे काम पुणे, मुंबई, नागपूर, हैदराबाद, चेन्नई इथे बसलेले कोडर करतात. बी. फार्म., बीएचएमएस, फिजिओथेरपी अशा पदव्या घेतलेली मराठी मुले-मुली रोज असे शेकडो चार्ट वाचतात. मोठा मार न लागता मोडलेल्या आणि आता जुळलेल्या हाडांचा इतिहास या कोडपद्धतीत कसा उतरतो, हे इथे तपासायचे आहे. माझे म्हणणे असे की, हाड मोडलेले असेपर्यंत ही पद्धत विलक्षण बारकाईने नोंद ठेवते आणि ते जुळले की ती नोंद जवळजवळ सगळी सोडून देते. जे सुटते, त्यावरच पुढचा उपचार ठरत असतो.

आधी रचना पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या वर्गीकरणाची अमेरिकेने स्वतःच्या गरजेप्रमाणे वाढवलेली आवृत्ती म्हणजे आयसीडी-१०-सीएम. ती तिथे १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे. ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांच्या ठिसूळपणामुळे आत्ता मोडलेल्या हाडासाठी तिच्यात एम८० हा गट आहे. या गटातला कोड सात स्थानांचा असतो. त्यातून ठिसूळपणा वयामुळे आहे की दुसऱ्या कारणाने, कोणते हाड मोडले, डावे की उजवे, हे कळते. सातव्या स्थानावरच्या अक्षरावरून उपचार कुठवर आला तेही कळते: 'ए' म्हणजे सक्रिय उपचार चालू, 'डी' म्हणजे हाड नीट जुळत आहे, 'जी' म्हणजे जुळायला उशीर, 'के' म्हणजे जुळलेच नाही, 'पी' म्हणजे वाकडे जुळले आणि 'एस' म्हणजे मागे राहिलेला परिणाम. हाडे ठिसूळ आहेत पण सध्या काही मोडलेले नाही, अशा रुग्णासाठी एम८१ हा गट आहे. आणि पूर्वी मोडून जुळलेल्या हाडांसाठी झेड८७.३१ या छोट्याशा गटात तीन कोड आहेत. ठिसूळपणामुळे झालेल्या फ्रॅक्चरला झेड८७.३१०, इतर आजारामुळे झालेल्या फ्रॅक्चरला झेड८७.३११ आणि वारंवार ताण पडून झालेल्या स्ट्रेस फ्रॅक्चरला झेड८७.३१२. अपघाताने मोडून जुळलेल्या हाडाचा कोड वेगळ्या ठिकाणी आहे, झेड८७.८१.

झेड८७.३१ मधल्या तीन कोडांपैकी स्ट्रेस फ्रॅक्चरबद्दल फारसा वाद नाही. लांब पल्ल्याचे धावपटू आणि सैन्यात नव्याने भरती झालेले जवान यांच्या पायाच्या हाडांना अशा भेगा पडतात. ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टराने १८५५ मध्येच पायपीट करणाऱ्या सैनिकांत त्यांचे वर्णन करून ठेवले होते. रुग्ण तरुण असतो, कारण स्पष्ट असते, कोड सहज सापडतो. खरी गुंतागुंत पहिल्या दोन कोडांत आहे, आणि त्यातही मणक्याच्या बाबतीत ती सर्वांत जास्त आहे.

हाड 'जुळले' कधी म्हणायचे, हा पहिला प्रश्न. अमुक आठवडे उलटले की फ्रॅक्चर इतिहासात जमा, असा नियम अधिकृत मार्गदर्शक तत्त्वांत कुठेही नाही. तिथे एवढेच सांगितले आहे की, इतिहासाचा कोड अशा आजारासाठी वापरावा जो आता अस्तित्वात नाही, ज्यावर उपचार चालू नाहीत, पण जो पुन्हा उद्भवू शकतो आणि म्हणून ज्यावर लक्ष ठेवावे लागते. मनगटाबाबत हे ठरवणे सोपे जाते. मणक्याचे तसे नाही. चेपलेला मणका जुळतो, दुखणे जाते, पण त्याचा आकार पूर्ववत होत नाही. पुढची कित्येक वर्षे प्रत्येक एक्स-रेमध्ये तो चेपलेलाच दिसतो आणि रेडिओलॉजिस्ट प्रत्येक वेळी अहवालात तसे लिहितो. हे फ्रॅक्चर नवे की जुने हे साध्या एक्स-रेवरून दर वेळी सांगता येत नाही, म्हणून 'किती जुने ते सांगता येत नाही' असाही शेरा येतो. मग एकाच बाईच्या एकाच मणक्याच्या तीन वेगळ्या नोंदी होऊ शकतात. पट्टा बांधलेला आहे, हाड जुळत आहे, तर एम८० आणि शेवटी 'डी'. हाड जुळले पण त्यामुळे पोक आले आणि डॉक्टर आता त्या पोकासाठी तपासत आहेत, तर आधी पोकाचा कोड आणि मागून एम८० ला 'एस'. काहीच त्रास नाही, फक्त मागे असे झाले होते, तर एम८१ आणि त्याच्या जोडीला झेड८७.३१०. एम८१ खालीच सूचना आहे की, पूर्वी ठिसूळपणामुळे फ्रॅक्चर झाले असल्यास त्याचा कोड सोबत द्यावा. तिन्ही अवस्था वैद्यकीयदृष्ट्या खऱ्या आहेत आणि त्यांच्यातला फरक योग्यही आहे. तो फरक दाखवणारे शब्द डॉक्टरांच्या टिपणात असावे लागतात, आणि बहुतेक वेळा तिथे 'मणक्याचे कॉम्प्रेशन फ्रॅक्चर' एवढेच असते.

या इतिहासाला एवढे महत्त्व का द्यायचे? कारण हाडांच्या वैद्यकात पूर्वीच्या फ्रॅक्चरइतका सहज हाती लागणारा आणि इतका भरवशाचा इशारा क्वचितच मिळतो. क्लॉट्झब्यूशर आणि सहकाऱ्यांनी २००० साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. ज्या स्त्रियांचा मणका आधीच चेपलेला होता, त्यांना पुन्हा मणका चेपण्याचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे चौपट निघाला आणि जुन्या फ्रॅक्चरची संख्या वाढेल तसा तो वाढत गेला. लिंडसे आणि सहकाऱ्यांचा २००१ चा अभ्यास तर झोप उडवणारा आहे. मणका नव्याने चेपलेल्या स्त्रियांपैकी जवळपास पाचव्या हिश्शाला, १९.२ टक्क्यांना, एका वर्षाच्या आत दुसरा मणका चेपण्याला तोंड द्यावे लागले. आइसलंडमधल्या रुग्णांवर आधारलेला योहान्सन आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास काळाचा हिशेब मांडतो. पहिल्या मोठ्या फ्रॅक्चरनंतर वर्षभराने पुन्हा हाड मोडण्याचा धोका सर्वसाधारण लोकसंख्येच्या २.७ पट होता, दहा वर्षांनी तो १.४ पटीवर आला. धोका कायम राहतो, पण पहिल्या दोन-तीन वर्षांत तो सर्वांत तीव्र असतो. म्हणूनच अमेरिकेतल्या एंडोक्रायनॉलॉजी तज्ज्ञांच्या संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात गेल्या बारा महिन्यांत फ्रॅक्चर झालेल्या रुग्णाला 'अतिशय जास्त धोका' या वर्गात टाकले. अशा रुग्णाला नेहमीच्या गोळ्यांऐवजी हाड बांधणाऱ्या इंजेक्शनांनी सुरुवात करण्याचा विचार करावा, असे त्यात सुचवले आहे. मणका, खुबा की मनगट. एकदा की दोनदा. गेल्या वर्षी की पंधरा वर्षांपूर्वी. या उत्तरांवर कोणते औषध द्यायचे हे ठरते.

आता झेड८७.३१० कडे परत जाऊ. त्यात हाड कोणते हे नाही. केव्हा मोडले हे नाही. किती वेळा मोडले हेही नाही. मागच्या दिवाळीत चेपलेले दोन मणके आणि वीस वर्षांपूर्वी मोडलेले एक मनगट, दोघांचा कोड एकच. इतिहासाचा विभाग ढोबळच ठेवायचा असे सरसकट धोरण असेल, असे वाटण्याचा संभव आहे. पण चालू फ्रॅक्चरच्या बाजूला काय घडत आले ते पाहा. एम८० मध्ये २०२० साली 'इतर जागा' यासाठी नवे कोड आले, २०२३ साली कंबरेच्या पेल्विस हाडासाठी डाव्या-उजव्यासह वेगळे कोड आले. एका बाजूला बारकावे वाढत आहेत, दुसरी बाजू आहे तिथेच आहे. मोडलेल्या अवस्थेत हाडाबद्दल जे जे समजले ते जुळल्यावर खोटे ठरत नाही. खुब्याचे हाड जुळल्याने ते मनगट होत नाही. तरीही नोंदीतून ते नाहीसे होते.

याहून काळजीची बाब दुसऱ्या कोडाची, झेड८७.३११ ची आहे. 'इतर आजारामुळे झालेले फ्रॅक्चर' या एका झाकणाखाली परस्परांशी काहीही संबंध नसलेली कारणे येतात. कर्करोग हाडात पसरून मोडलेले हाड इथे येते, ड जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावाने मऊ पडलेले हाड इथे येते, कारणाचा उल्लेख नसलेला जुना चेपलेला मणकाही इथेच येतो. ठिसूळपणासाठी दीर्घकाळ बिस्फॉस्फोनेट गोळ्या घेतलेल्या काही थोड्या रुग्णांच्या मांडीचे हाड एका विशिष्ट पद्धतीने, जवळजवळ आडवे, मोडते. त्याला एटिपिकल फीमर फ्रॅक्चर म्हणतात आणि २०१६ पासून त्याला एम८४.७५ हा स्वतंत्र गट आहे. पण ते हाड जुळले की त्याच्यासाठी इतिहासाचा वेगळा कोड नाही, सर्वांत जवळचा उरतो तो झेड८७.३११. परिणाम काय होतो पाहा. ठिसूळपणाने खुबा मोडलेल्या बाईला ती गोळी सुरू करायला हवी. एटिपिकल फ्रॅक्चर झालेल्या बाईची तीच गोळी बंद करायला हवी. दोन इतिहास नेमके उलट निर्णय मागतात. दोघींना ठिसूळपणाचा एम८१ लागू आहे, बिस्फॉस्फोनेट चालू असल्याचा झेड७९.८३ हा कोडही दोघींना लागू शकतो, आणि त्यांना वेगळे दाखवणारी खूण हाड जुळल्यावर गळून पडते. या एका उदाहरणावरूनच हा विभाग पुन्हा आखावा, असे माझे ठाम मत आहे.

रचनेतल्या या उणिवेवर रोजच्या वापरातल्या दोन चुका चढतात, आणि त्या विरुद्ध दिशांच्या आहेत. पहिली चूक, इतिहासाला चालू आजार म्हणणे. चार वर्षांपूर्वी चेपून जुळलेला मणका अहवालात दिसला की कोडर एम८० आणि 'ए' लावतो. यामागे बहुतेक वेळा घाई असते, पण पैशाची ओढही आहे. अमेरिकेत वृद्धांच्या मेडिकेअर ॲडव्हान्टेज योजनांना रुग्णाच्या जोखमीप्रमाणे पैसे मिळतात. ती जोखीम निदानाच्या कोडांवरून मोजतात. दीर्घकाळ वापरात असलेल्या मोजणीत मणक्याच्या आणि खुब्याच्या चालू फ्रॅक्चरला वजन होते, इतिहासाच्या कोडला नाही. पक्षाघाताच्या बाबतीत ही चूक इतकी झाली की केंद्रीय आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने, पूर्वी झालेला पक्षाघात आत्ताचा म्हणून दाखवलेल्या नोंदी तपासण्यासाठी खास लेखापरीक्षणे केली. हाडांबाबत आणखी एक परिणाम होतो. ६७ ते ८५ वयाच्या स्त्रीला फ्रॅक्चर झाल्यावर सहा महिन्यांत हाडांची घनता तपासली का किंवा औषध सुरू केले का, हे मोजणारा हेडिस या गुणवत्ता मोजणीतला एक निकष आहे. जुने फ्रॅक्चर चालू म्हणून नोंदवले गेले की ती बाई विनाकारण या यादीत येते, सहा महिन्यांचे घड्याळ चुकीच्या दिवसापासून सुरू होते आणि ज्यांना खरोखर तातडीने गाठायला हवे होते अशा बायका त्या गर्दीत हरवतात.

दुसरी चूक म्हणजे इतिहास नोंदवायचाच नाही. ही चूक कुणाच्या डोळ्यावर येत नाही, कोणतेही बिल तिच्यामुळे परत येत नाही, आणि म्हणून मला ती अधिक घातक वाटते. डॉक्टरांच्या बाह्यरुग्ण बिलाच्या अर्जावर निदानासाठी बारा जागा असतात, रुग्णालयाच्या अर्जावर पंचवीस. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंड, हृदय यांनी त्या भरत जातात आणि ज्याला पैशाचे वजन नाही तो कोड मागे पडतो. तासाला अमुक चार्ट या हिशेबावर काम मोजले जात असेल, तर जुने फ्रॅक्चर शोधायला मागच्या पानांवर कोण जाईल? मार्गदर्शक तत्त्वे मात्र उदार आहेत. भेटीचे कारण काहीही असो, इतिहासाचा कोड देता येतो, कारण जुना आजार आजचा उपचार बदलू शकतो, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. मोतीबिंदूसाठी आलेल्या बाईच्या चार्टवरही झेड८७.३१० शोभतो. हे माहीत असूनही तो वगळणाऱ्या कोडरला दोष देण्याआधी त्याचे काम कशाने मोजले जाते ते पाहावे लागेल.

आता सर्वांत अवघड भागाकडे येतो. हे सगळे वर्गीकरण मार लागून मोडले की न लागता, या एका भेदावर उभे आहे. मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की, ऑस्टिओपोरोसिस असल्याचे माहीत असलेल्या रुग्णाचे हाड किरकोळ पडण्याने मोडले आणि तेवढ्याने निरोगी हाड सहसा मोडले नसते, तर अपघाताचा कोड न देता एम८० द्यावा. जगभर वापरले जाणारे फ्रॅक्स हे धोका मोजणारे साधनही पूर्वीच्या फ्रॅक्चरची व्याख्या जवळपास याच अर्थाने करते आणि उत्तर हो किंवा नाही एवढेच मागते. शेफील्ड विद्यापीठातून २००८ मध्ये आलेल्या या साधनात भारतासाठीही वेगळे प्रतिमान आहे. व्याख्या चांगली आहे. पण 'तेवढ्याने निरोगी हाड मोडले असते का' हा निर्णय कोडरला करता येत नाही आणि त्याने करूही नये. चार्टमध्ये 'पूर्वी मनगटाचे फ्रॅक्चर' एवढेच लिहिलेले असते. डॉक्टरांनी कारण लिहिले नाही तर ते फ्रॅक्चर बहुधा अपघाताच्या खात्यात जाते किंवा गाळले जाते. म्हणजे डॉक्टरांच्या एका न लिहिलेल्या वाक्यामुळे ठिसूळपणाचा पुरावा पायऱ्यांवरून पडल्याची घटना होऊन बसतो. कोडरने डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, पाठवावी, हा त्यावरचा प्रस्थापित उपाय आहे. पण पुण्यातून पाठवलेली क्वेरी ग्राहक कंपनीमार्गे ओहायोतल्या किंवा टेक्सासमधल्या दवाखान्यात पोहोचते, आणि ज्या नोंदीतून पैसे येणार नाहीत तिच्यासाठी अशी क्वेरी पाठवण्याची मुभा कोडरला कितपत मिळते, हा प्रश्न विचारायलाच हवा.

त्याहूनही मूलभूत शंका अशी की, हा भेद मुळातच एवढा पक्का आहे का. मॅकी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये वृद्ध स्त्री-पुरुषांच्या मोठ्या गटांत पाहिले की, मोठ्या अपघातात हाड मोडलेल्यांचीही हाडांची घनता कमी होती आणि पुढे पुन्हा हाड मोडण्याचा त्यांचा धोकाही वाढलेला होता. लेस्ली आणि सहकाऱ्यांचा कॅनडातल्या मॅनिटोबातला २०२० चा अभ्यासही त्याच दिशेने बोलतो. वृद्ध माणसाचे हाड गाडीच्या धडकेने मोडले म्हणून ते हाड मजबूत होते असे गृहीत धरता येत नाही. याचा अर्थ झेड८७.३१० आणि झेड८७.८१ यांतला भेद पुसून टाकावा असा मी काढत नाही. विशीतल्या मोटरसायकलस्वाराचा इतिहास वेगळाच राहायला हवा. पण पन्नाशीनंतरचे प्रत्येक फ्रॅक्चर, ते कोणत्याही खात्यात असो, हाडांची तपासणी करण्याचे कारण मानले जावे, एवढे या पुराव्यावरून नक्की म्हणता येते.

उलट बाजूची विसंगतीही नोंदवण्यासारखी आहे. घनतेच्या तपासणीत टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, ही १९९४ ची जागतिक आरोग्य संघटनेची रेषा. पण कमी माराने खुबा मोडलेले कितीतरी रुग्ण त्या रेषेच्या वर असतात. त्यांच्या कागदावर 'ऑस्टिओपेनिया', म्हणजे घनता थोडी कमी, असे लिहिले जाते आणि एम८५.८ मधला सौम्य वाटणारा कोड पडतो. अमेरिकेतल्या नॅशनल बोन हेल्थ अलायन्सच्या तज्ज्ञगटाने २०१४ मध्येच म्हटले की, कमी माराने खुबा मोडला असेल तर टी-स्कोअर काहीही असो, ऑस्टिओपोरोसिसचे निदान करता येते. म्हणजे अशा बाईचा इतिहास हेच तिचे निदान आहे. कोडर हे स्वतःहून लिहू शकत नाही. डॉक्टरांनी लिहिले नाही तर ती बाई 'सौम्य' वर्गात राहते आणि औषधाविना राहते.

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला असा की, कोड म्हणजे रुग्णाचा पूर्ण कागद नव्हे. वर्गीकरण आकडेवारीसाठी आणि बिलासाठी असते, तारीख आणि जागा डॉक्टरांच्या टिपणात असतेच. हे पूर्वी पटण्यासारखे होते. आज रुग्णालये फ्रॅक्चर झालेले रुग्ण शोधतात ते कोडांच्या यादीतून. १९९९ च्या सुमारास ग्लासगोत सुरू झालेली आणि पुढे जगभर पसरलेली फ्रॅक्चर लायझन सेवा, म्हणजे हाड मोडलेल्या प्रत्येक वृद्ध रुग्णाला गाठून त्याच्या ठिसूळपणावर उपचार सुरू करणारी व्यवस्था, अशा याद्यांवर खूप अवलंबून असते. संशोधन कोडांवर चालते, गुणवत्ता कोडांवर मोजली जाते, धोका वर्तवणारी संगणकप्रणाली कोडांवर शिकते. टिपणात असलेली आणि कोडात नसलेली माहिती या सगळ्यांसाठी अस्तित्वातच नसते. दुसरा आक्षेप कोडांच्या संख्येचा आहे. आधीच हजारो कोड असताना आणखी कशाला? मला वाटते, हा आक्षेप प्रमाण पाहत नाही. एम८० मध्ये शेकडो जोड्या मान्य आहेत. इतिहासासाठी मणका, खुबा आणि इतर अशा तीन जागा, गेल्या दोन वर्षांतले की त्याआधीचे असे दोन काळ आणि एटिपिकल फ्रॅक्चरसाठी एक, एवढे सात कोड पुरतील. तिसरा आक्षेप असा की, इतिहासाच्या कोडला महत्त्व आले की तोही फुगवला जाईल. ही भीती खरी आहे. म्हणूनच मी त्याला पैशाचे वजन द्या असे म्हणत नाही. नोंद असणे आणि त्या नोंदीला भाव असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. चौथा आक्षेप आयसीडी-११ चा आहे. १ जानेवारी २०२२ पासून जागतिक पातळीवर लागू झालेल्या त्या आवृत्तीत मूळ कोडाला जागा, बाजू, कारण असे तपशील जोडून एकत्र लिहायची सोय आहे. मग जुन्या घराची डागडुजी कशाला? कारण अमेरिकेने आयसीडी-१० स्वीकारायला जगाच्या मागे वीसहून अधिक वर्षे घेतली. ठिसूळ हाडांच्या रुग्णांना तेवढी वाट पाहायला सांगणे योग्य नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सगळे अमेरिकेचे वाटेल, पण आपल्याकडचे चित्र याहून अपुरे आहे. आयुष्मान भारत जन आरोग्य योजना आणि महात्मा फुले जन आरोग्य योजना यांचे पैसे मुख्यतः उपचारांच्या ठरीव पॅकेजांवर जातात. खुब्याची शस्त्रक्रिया नोंदली जाते, ती कशामुळे लागली हे क्वचितच. डिस्चार्ज कार्डावर 'पडल्यामुळे फ्रॅक्चर' एवढे लिहून रुग्ण घरी जातो. आपल्याकडे जुना चेपलेला मणका क्षयरोगाचाही असू शकतो, मायलोमा या कर्करोगाचाही, ठिसूळपणाचाही, आणि तिघांचे पुढचे रस्ते वेगळे. तरीही इथे एक संधी आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनने आरोग्य नोंदी एका रुग्णाच्या खात्यावर जोडण्याचे काम २०२१ पासून देशभर सुरू केले. भारत २०१४ पासून स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञांच्या जागतिक कोशाचा सदस्य आहे आणि त्याचे राष्ट्रीय केंद्र पुण्यात सी-डॅकमध्ये आहे. स्नोमेडमध्ये निदानाला हाडाची जागा, कारण आणि काळ जोडता येतो. ज्या देशाची इलेक्ट्रॉनिक नोंद आत्ता आकार घेत आहे, त्याला जुन्या वर्गीकरणाची उणीव जशीच्या तशी उचलण्याची गरज नाही. डिस्चार्ज कार्डाच्या नमुन्यात 'पन्नाशीनंतर मोडलेली हाडे: कोणते, केव्हा, कसे' ही एक ओळ सक्तीची केली तरी पुष्कळ काम होईल.

अमेरिकेतल्या कोडांत बदल सुचवण्याचा मार्ग खुला आहे. रोगनिदानाच्या कोडांचे काम राष्ट्रीय आरोग्य सांख्यिकी केंद्राकडे आहे, समन्वय समितीची बैठक वर्षातून दोनदा भरते आणि प्रस्ताव कोणीही पाठवू शकतो. रोज हजारो चार्ट वाचणाऱ्या पुण्या-मुंबईतल्या कोडरांना या विभागाची उणीव कोणत्याही समितीपेक्षा जवळून दिसते. त्यांच्या संस्थांनी हा प्रस्ताव मांडावा. तोवर डॉक्टरांनी 'पूर्वी फ्रॅक्चर' या दोन शब्दांवर थांबू नये. जागा, वर्ष आणि कसे मोडले हे एका वाक्यात लिहावे. आणि ज्यांच्या घरात पन्नाशीनंतर कुणाचे हाड मोडले आहे त्यांनी, ते जुळून कितीही वर्षे झाली असली तरी, कोणते हाड, कोणत्या वर्षी आणि किती उंचीवरून पडून मोडले हे त्या माणसाच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे, आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरांना, ते डोळ्यांचे असोत की दातांचे, ते पान दाखवावे.